पालीचं नाव आणि मॉस्कोचा संपादक

चौल-रेवदंड्याहून रोह्यामार्गे पालीला जायला आज गाडीने दोन-अडीच तास पुरतात. पंधराव्या शतकात त्वेर शहरातल्या अफानासी निकितिन नावाच्या रशियन व्यापाऱ्याला याच पल्ल्याला आठ दिवस लागले. चौलला उतरलो, तिथून जमिनीने आठ दिवसांवर पाली, पालीहून दहा दिवसांवर उमरी, मग जुन्नर, एवढाच हिशेब त्याने मांडून ठेवला आहे. उमरी नेमकी कुठली यावर अभ्यासकांचं अजून जमत नाही. पाली मात्र आपली, बल्लाळेश्वराची आणि सरसगडाच्या पायथ्याची, असं बहुतेक भाष्यकार धरतात. आठ दिवस जास्त वाटतात खरे. पण बरोबर शंभर रुबलांचा घोडा, वाटेत कुंडलिका आणि अंबा, आणि दिवस ऐन उन्हाळ्याचे. नागोठण्याचा निजामशाहीतला दगडी पूल व्हायला अजून शंभरेक वर्षं जायची होती.

या नोंदीत देऊळ नाही, गड नाही, बाजार नाही. नुसतं नाव आणि दिवसांचा आकडा. तरी पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांना लागून असलेलं हे गाव रशियन भाषेत पाचशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिलं. १९४८ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीने निकितिनच्या टिपणांची सटीप आवृत्ती काढली. तिच्यावर संपादक म्हणून दोन नावं आहेत: वार्वारा पाव्लोव्ना आद्रियानोवा-पेरेत्स या जुन्या रशियन साहित्याच्या जाणकार, आणि बोरिस दिमित्रियेविच ग्रेकोव्ह. आपल्याकडे ग्रेकोव्हना कोणी ओळखत नाही. स्टालिनच्या काळात मात्र सोव्हिएत इतिहाससंशोधनाचा सगळा कारभार ज्यांच्या हाती होता ते हे गृहस्थ, आणि तिथवर ते पोहोचले तुरुंगाच्या दारातून.

आधी निकितिनची गोष्ट उरकू. व्होल्गेच्या मुखाशी, आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटलं. ज्यांचं घरी काही शिल्लक होतं ते मागे फिरले, ज्यांनी उधारीवर माल उचलला होता ते पाय नेतील तिकडे गेले. निकितिन दुसऱ्या गटातला. देर्बेंत, बाकू, इराण असं करत तो होर्मुझला आला. हिंदुस्थानात घोड्यांना चांगला भाव येतो असं कळलं, म्हणून घोडा घेऊन गलबतावर चढला आणि चौलला उतरला. जुन्या हिशेबाने हे साल १४६९, लिओनिद सेम्योनोव्ह या संशोधकाने नंतर मांडलेल्या हिशेबाने १४७१. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये.

चौलच्या माणसांबद्दल त्याने लिहिलं आहे की अंगावर कपडा नाही, डोकं उघडं, केसांची वेणी, आणि गोरा माणूस दिसला की सगळे बघत मागे येतात. जुन्नरला पावसाळा लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. लोक याच दिवसांत नांगरतात, पेरतात, भात आणि हरभरा लावतात, हे त्याने नीट पाहिलं. घोड्यांना हरभरा घालतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवतात, हेही टिपलं. रशियन भाषेत खिचडीची पहिली नोंद कोणी केली असा प्रश्न कोणाला पडला तर उत्तर जुन्नरात शोधावं. तिथेच असदखान नावाच्या सरदाराने त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान हो, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो; नाहीतर घोडाही घेईन आणि हजार मोहरा तुझ्याकडून वसूल करीन, असा निरोप दिला. खोरासानच्या एका ख्वाजा महंमदाने मध्यस्थी केली म्हणून तो सुटला. पुढे तो बिदरला गेला, महमूद गावानच्या दौलतीचा थाट पाहिला, श्रीशैलची जत्रा पाहिली, आणि दाभोळहून परतीच्या गलबतावर चढला. घरी पोहोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे तो वारला.

त्याची टिपणं व्यापाऱ्यांनी मॉस्कोला आणली आणि ती मोठ्या राजाच्या वसिली मामिर्योव या कारकुनाच्या हाती पडली. १४७५ च्या सुमारास कोणा बखरकाराने ती बखरीत उतरवून घेतली. अठराशे सालानंतर निकोलाय करामझिन या इतिहासकाराला ती त्रोइत्सा मठातल्या एका हस्तलिखितात सापडली. १८५७ मध्ये लंडनच्या हक्लुइट सोसायटीने इंग्रजी भाषांतर छापलं, १८८१ मध्ये मिनायेव या प्राच्यविद्यापंडिताने भाष्य लिहिलं. मग १९४८.

ग्रेकोव्ह यांचा जन्म १८८२ चा, आजच्या युक्रेनमधल्या मिर्गोरोदचा. गोगोलच्या कथांमुळे रशियन वाचकांना पाठ असलेलं हे गाव. शिक्षण आधी वॉर्सा विद्यापीठात, १९०५ पासून मॉस्कोत. मग ते पीटर्सबर्गला आले आणि जुन्या कागदपत्रांत शिरले. १९१४ च्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता नोव्हगोरोदचं संत सोफियाचं देवस्थान. धर्मशास्त्र त्यात नव्हतं. देवस्थानच्या जमिनी, कुळं, वसुली, कोठारं यांचा अभ्यास होता. ज्याने इनामांच्या सनदा आणि देवस्थानांच्या जमाखर्चाच्या वह्या चाळल्या आहेत त्या मराठी संशोधकाला हा माणूस ओळखीचा वाटेल. कागदातून शेतकरी शोधायचा, ही त्यांची सवय इथली, आणि ती शेवटपर्यंत टिकली.

क्रांती झाली तेव्हा ते पेर्म विद्यापीठात शिकवत होते. १९१८ मध्ये ते क्रिमियात, सिंफेरोपोलच्या नव्या ताव्रिदा विद्यापीठात गेले. पुढे त्यांच्या डोक्यावर कायम टांगून राहिलेली गोष्ट हीच. कारण क्रिमिया तेव्हा बोल्शेविकांच्या विरोधकांच्या, शेवटी जनरल व्रांगेलच्या ताब्यात होता. तिथे त्यांचे एक सहकारी होते जॉर्ज वेर्नाद्स्की. १९२० मध्ये व्रांगेलचं सैन्य जहाजांत बसून निघालं तेव्हा वेर्नाद्स्कीही गेले. पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात बसून त्यांनी रशियाचा इतिहास लिहिला आणि नावाजले गेले. ग्रेकोव्ह मागे राहिले. कागद रशियात होते, आणि या माणसाला कागदांशिवाय दुसरं काही येत नव्हतं, असं मला वाटतं. पण मागे राहणाऱ्याला एक किंमत मोजावी लागते. तो पुढे जे काही लिहील त्याच्या मागे ‘व्रांगेलच्या राज्यात नोकरीला होता’ ही ओळ उभी राहते.

१९२९ च्या शरद ऋतूत लेनिनग्राडला विज्ञान अकादमीच्या संग्रहांत झारच्या पदत्यागाचा कागद आणि असेच काही राजकीय दस्तऐवज मिळाले. ते लपवून ठेवले होते, असा आरोप झाला. त्यातून राजेशाही परत आणण्याचा कट रचण्यात आला. रचण्यात आला म्हणजे पोलिसांनी कागदावर रचला. शंभराहून जास्त माणसं पकडली गेली, त्यांत बरेच इतिहासकार. सर्गेई प्लातोनोव्ह हे त्या पिढीचे सर्वांत मानाचे इतिहासकार. १९३३ मध्ये हद्दपारीत समारा इथे वारले. ल्युबाव्स्की उफाला वारले. तार्ले अल्मा-आताला धाडले गेले, बाख्रुशिन सेमिपलातिन्स्कला. १९३० मध्ये ग्रेकोव्हही पकडले गेले, आणि काही आठवड्यांत सुटले.

याच १९२९ साली आपले धर्मानंद कोसंबी लेनिनग्राडात होते. तिथले पंडित श्चेरबात्स्की यांनी त्यांना बौद्ध विद्येच्या कामासाठी बोलावून घेतलं होतं. काही महिन्यांत ते परतले, आणि पुढच्या वर्षी शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले. ग्रेकोव्ह आणि धर्मानंद यांची गाठ पडली का, हा प्रश्न सोडून देऊ. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की गोव्यातल्या साखवाळचा हा भिक्षुवृत्तीचा पंडित ज्या शहरात पोथ्या वाचत होता, त्याच शहरात तेव्हा इतिहासकारांची धरपकड सुरू होत होती.

सुटून आल्यावर ग्रेकोव्हनी काय केलं? एक प्रबंध वाचला. १९३२ मध्ये ‘किएव्हच्या रुसमधली गुलामी आणि सरंजामशाही’ या विषयावर. आज हे शीर्षक कोरडं वाटतं. तेव्हा त्यावर माणसाचं भवितव्य ठरत होतं. मार्क्सवादाच्या अधिकृत शिडीला पाच पायऱ्या होत्या: आदिम समाज, गुलामी, सरंजामशाही, भांडवलशाही, समाजवाद. प्रत्येक समाजाने प्रत्येक पायरी चढलीच पाहिजे की नाही, यावर वाद होता. १९३३ मध्ये खुद्द स्टालिन गुलामांच्या क्रांतीबद्दल बोलला, तेव्हा तर गुलामीच्या पायरीला वजनच आलं. ग्रेकोव्ह म्हणाले, रुसमध्ये, म्हणजे जुन्या रशियात, गुलाम होते, पण समाज त्यांच्यावर उभा नव्हता. नवव्या ते अकराव्या शतकातच तिथे जमीनदार सरदार आणि त्यांच्या जमिनीवर राबणारी बांधील कुळं होती. म्हणजे स्लाव समाज गुलामीची पायरी न चढता सरळ सरंजामशाहीत आला. पुरावा ‘रुस्काया प्राव्दा’ या जुन्या कायद्याचा. त्यात स्मेर्द म्हणजे कुळ, खोलोप म्हणजे गुलाम, आणि झाकुप म्हणजे कर्जापोटी राबणारा माणूस. आपल्या कुळ आणि वेठबिगार या शब्दांच्या जगातल्या वाचकाला हे वर्गीकरण समजावून सांगावं लागत नाही. खोताच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळांचा इतिहास ज्या जिल्ह्याला आहे, तिथे तर नाहीच नाही.

या मांडणीत धाडस होतं आणि सोयही होती. धाडस असं की शिडीतली एक पायरी गाळली. सोय अशी की त्यामुळे जुना रशिया पश्चिम युरोपच्या बरोबरीने, त्याच शतकांत, त्याच टप्प्यावर उभा राहिला. आधी स्लाव रानटी होते आणि उत्तरेकडच्या वायकिंगांनी येऊन त्यांना राज्य दिलं, हा जुना सिद्धान्त त्याने मोडत होता. जर्मनीत हिटलर आल्यावर आणि स्लावांना राज्य करता येत नाही असं तिकडून ओरडलं जाऊ लागल्यावर मॉस्कोला असाच इतिहास हवा झाला. १९३४ मध्ये शाळेतला इतिहास पुन्हा राजे, युद्धं आणि सनावळीसकट शिकवावा असं फर्मान निघालं. त्याआधी इतिहासावर राज्य करणाऱ्या मिखाईल पोक्रोव्स्कीचा संप्रदाय, तो स्वतः १९३२ मध्ये वारल्यावर, मोडीत निघाला. त्या जागी जुन्या वळणाची, कागद वाचता येणारी माणसं हवी होती. १९३४ मध्येच ग्रेकोव्ह अकादमीचे सहसदस्य झाले, १९३५ मध्ये पूर्ण सदस्य. तुरुंगातून सुटून पुरती पाच वर्षं झाली नव्हती.

१९३८ मध्ये त्यांना मॉस्कोच्या इतिहास संस्थेचं संचालकपद मिळालं. ते का रिकामं झालं, हे सांगायला हवं. पहिले संचालक निकोलाय लुकिन हे पक्के पक्षाचे माणूस, फ्रेंच राज्यक्रांतीचे अभ्यासक. त्या वर्षी त्यांना अटक झाली आणि १९४० मध्ये कैदेतच ते गेले. बोल्शेविक संचालक कैदेत आणि व्रांगेलच्या क्रिमियात शिकवलेला माणूस त्याच्या खुर्चीत. त्या काळाचा न्याय असाच चालायचा. पंधरा वर्षं, मरेपर्यंत, ते त्या खुर्चीत राहिले.

‘किएव्हचा रुस’ हे त्यांचं गाजलेलं पुस्तक १९३९ चं. १९४३ मध्ये त्याला स्टालिन पारितोषिक मिळालं. ‘सोनेरी टोळी’ या मंगोल-तातार सत्तेवरचं पुस्तक त्यांनी याकुबोव्स्की या मध्य आशियाच्या तज्ज्ञाबरोबर १९३७ मध्येच लिहिलं होतं. १९४६ मध्ये ‘रुसमधले शेतकरी’ हा मोठा ग्रंथ आला. त्याला १९४८ मध्ये पारितोषिक. तिसरं पारितोषिक १९५२ मध्ये. मधल्या महायुद्धात संस्था ताश्कंदला हलवली होती, आणि १९४६ पासून अकादमीच्या इतिहास-तत्त्वज्ञान विभागाचे ते सचिवही होते. पदांची यादी आणखी लांबवता येईल. त्याने माणूस कळत नाही.

माणूस कळतो तो त्याने कोणाला कामावर ठेवलं यावरून. हद्दपारीतून परतलेले बाख्रुशिन त्यांच्या संस्थेत होते, तार्ले होते. तरुणपणी अटक आणि छावणी भोगून आलेले चेरेप्निन पुढे तिथलेच मोठे संशोधक झाले. स्वतःचीच फाईल पोलिसांकडे असलेल्या संचालकाने अशी माणसं जवळ करणं याला मी किंमत देतो. पण जमाखर्चाची दुसरी बाजूही आहे. १९४९ मध्ये ‘मातृभूमी नसलेल्या विश्वनागरिकां’विरुद्ध मोहीम निघाली. नाव असं असलं तरी रोख मुख्यतः ज्यू विद्वानांवर होता. ती मोहीम इतिहास संस्थेतही चालली. मिंट्स, रुबिन्श्टाइन यांसारख्यांना आपल्या जागा गमवाव्या लागल्या. संचालक ग्रेकोव्हच होते. ते आडवे गेले नाहीत. आडवे गेले असते तर खुर्चीतही राहिले नसते, हे खरं. पण म्हणून हिशेबातून ती नोंद खोडता येत नाही.

निकितिनची आवृत्ती या मोहिमेच्या ऐन तोंडावरची. अकादमीने ‘साहित्य-स्मारके’ नावाची नवी ग्रंथमाला काढली आणि तिचा आरंभ या पुस्तकाने केला. मालेमागे उभे होते अकादमीचे अध्यक्ष, पदार्थवैज्ञानिक सर्गेई वाविलोव्ह. त्यांचे सख्खे भाऊ निकोलाय, जगात नावाजलेले वनस्पतिशास्त्रज्ञ, १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात वारले होते. भावाला मारणाऱ्या राज्याची अकादमी चालवत हा माणूस जुन्या पुस्तकांची माला काढत होता. विषय हिंदुस्थानचा असणंही त्या वेळी अडचणीचं नव्हतं. आपला आणि सोव्हिएत संघाचा राजनैतिक संबंध एप्रिल १९४७ मध्ये जुळला होता, आणि विजयालक्ष्मी पंडित पहिल्या राजदूत म्हणून मॉस्कोत होत्या. वास्को द गामाच्या आधी आमचा माणूस तलवार न घेता हिंदुस्थानात गेला, हे सांगायला मॉस्कोला आवडणारच होतं.

पण या मजकुरात एक काटा आहे. परमुलखात एकटा पडलेला निकितिन मधूनच रशियन सोडून तुर्की-फारसीच्या खिचडीत लिहू लागतो. भाव-दर, बायकांच्या गोष्टी, प्रार्थना, असं काही आलं की भाषा बदलते. त्यातच एके ठिकाणी तो रशियाच्या भूमीला देव राखो असं मागणं मागतो, जगात तिच्यासारखा देश नाही म्हणतो, आणि लगेच जोडतो की तिथले सरदार मात्र अन्यायी आहेत. देशप्रेमाचं उदाहरण म्हणून ही जागा सोव्हिएत भाष्यकारांना फार आवडली. अन्यायी सरदारांचा अर्थ सरंजामदार असा लावून प्रश्न मिटला. १९४८ च्या मॉस्कोत दुसरा अर्थ लावायची कोणाची छाती होती? मात्र ग्रेकोव्ह आणि आद्रियानोवा-पेरेत्स यांनी मूळ मजकूर जसा आहे तसा छापला, पाठभेद दिले, टिपा दिल्या. सरदारांवरचं ते वाक्य कापलं नाही. वाचणाऱ्याने आपापलं वाचावं.

इथे पेण-रोह्याकडे यावं लागतं. कारण सत्तेच्या आणि संस्थांच्या सावलीत विद्वानाने कसं वागावं, याचे दोन नमुने याच पट्ट्यात सापडतात.

एक पेण तालुक्यातल्या वरसईचे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे एकामागून एक बावीस खंड त्यांनी छापले. वाड्यावाड्यांतून, देवळांच्या माळ्यांवरून, वाळवी लागलेल्या रुमालांतून कागद उचलायचे, वाचायचे आणि जसेच्या तसे छापायचे. कोणाची नोकरी नाही, कोणाची खुर्ची नाही. १९१० मध्ये त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, आणि शेवटी पुण्याशीही बिनसलं तेव्हा धुळे गाठलं. ३१ डिसेंबर १९२६ ला ते तिथेच वारले. भांडून बाहेर पडायची मुभा होती, आणि ती त्यांनी मनसोक्त वापरली.

दुसरे रोह्याचे चिंतामणराव देशमुख. ते इतिहासकार नव्हेत. पण विद्येच्या कारभारात त्यांचा अधिकार मोठा. १९५२ मध्ये तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले, देशाचे अर्थमंत्री होते. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं आणि का सोडतो ते लोकसभेत उभं राहून सांगितलं. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. पंतप्रधानाला तोंडावर सुनावून राजीनामा दिलेल्या माणसाला त्याच सरकारच्या काळात देशाचं उच्च शिक्षण सोपवलं गेलं. ग्रेकोव्हच्या मॉस्कोत राजीनामा नावाची वस्तूच नव्हती. तिथे खुर्ची रिकामी व्हायची ती लुकिनसारखी.

म्हणून ग्रेकोव्हना राजवाड्यांच्या किंवा चिंतामणरावांच्या मापाने मोजणं मला बरोबर वाटत नाही. मोजायचंच तर दामोदर कोसंबींचं उदाहरण जास्त उपयोगी पडेल, कारण ते स्वतः मार्क्सवादी. धर्मानंदांचे हे चिरंजीव. १९४९ मध्ये श्रीपाद अमृत डांगे यांचं प्राचीन भारतावरचं पुस्तक आलं. आदिम साम्यवादापासून गुलामीपर्यंत भारत कसा आला, असा त्याचा विषय. म्हणजे शिडीच्या पहिल्या दोन पायऱ्या. राजवाड्यांच्या विवाहसंस्थेच्या अभ्यासाची छाया त्यावर आहे. कोसंबींनी भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात त्याची अशी चिरफाड केली की कम्युनिस्ट पक्षातले लोक बरेच दिवस तोंड वाकडं करून होते. भारतात ग्रीस-रोमसारखी गुलामीची अवस्था दाखवता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. ग्रेकोव्ह रुसबद्दल जे म्हणत होते त्याच्या जवळचंच. फरक असा की कोसंबींनी ते पुण्यात बसून, कोणालाही न विचारता, नाव घेऊन लिहिलं. पुढे १९६२ मध्ये त्यांची टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी गेली. त्यापलीकडे कोणी त्यांना हात लावला नाही.

ग्रेकोव्ह ९ सप्टेंबर १९५३ ला वारले, स्टालिननंतर सहा महिन्यांनी. १९५५ मध्ये त्वेरला, म्हणजे तेव्हाच्या कालिनिनला, निकितिनचा पुतळा उभा राहिला. १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन यांनी मिळून त्याच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला. ओलेग स्त्रिझेनोव्ह निकितिन, सोबत नर्गिस, पृथ्वीराज कपूर आणि बलराज सहानी. १९५८ मध्ये पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. यातलं काहीच ग्रेकोव्हनी पाहिलं नाही. रेवदंड्यात आता निकितिनचा स्मारकस्तंभही आहे.

त्यांचा सरंजामशाहीचा सिद्धान्तही फार टिकला नाही. सत्तरच्या दशकात लेनिनग्राडच्या इगोर फ्रोयानोव्ह यांनी त्याच ‘रुस्काया प्राव्दा’च्या आधारे तो उलटवायला घेतला, आणि आज ‘किएव्हचा रुस’ लोक वाचतात ते बहुधा त्या काळाचा नमुना म्हणून. पण फ्रोयानोव्हना ती ‘प्राव्दा’ हाताशी मिळाली कशी? ग्रेकोव्हच्या संपादनाखाली १९४० पासून निघालेल्या, सर्व पाठभेद देणाऱ्या खंडांतून. निकितिनचंही तसंच. १९८६ मध्ये लुर्ये आणि सेम्योनोव्ह यांनी नवी आवृत्ती काढून सनावळी बदलली, टिपा बदलल्या. पण चर्चा चालते ती १९४८ ने मांडून दिलेल्या मजकुरावर. राजवाड्यांच्या प्रस्तावनांशी आज कोण सहमत होतो? त्यांचे बावीस खंड मात्र कोणालाही टाळता येत नाहीत. ग्रेकोव्हबद्दल माझं मत हेच आहे. प्रबंधकार ग्रेकोव्ह काळाच्या हुकमाबरोबर वाकले, संपादक ग्रेकोव्ह वाकले नाहीत.

एका बाबतीत मात्र मॉस्कोतल्या कोणत्याही संपादकाचे हात तोकडे पडणार. चौल ते पाली आठ दिवस का लागले, आणि पालीहून दहा दिवस चालत गेलं तर माणूस कुठे पोहोचतो, याचं उत्तर कागदात नाही. ते पायाखालच्या वाटेत आहे. कोसंबींनी कार्ले-जुन्नरच्या जुन्या व्यापारी वाटा अशाच पायी फिरून शोधल्या. पालीच्या पाठीशी सवाष्णी घाट आहे, वाघजाई घाट आहे. ठाणाळे आणि खडसांबळेची लेणी तिथे व्यापाऱ्यांची वर्दळ किती जुनी आहे ते सांगतात. घोडा कुठल्या घाटाने चढतो आणि कुठल्या नाही, हे तिथले लोक सांगू शकतात. पेण, रोहा, पालीच्या महाविद्यालयांत इतिहास शिकणाऱ्या मुलामुलींनी एका उन्हाळ्यात निकितिनच्या चार ओळी हाती घेऊन चौलपासून चालायला लागावं. उमरी कुठली, हा वाद सोडवण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.